आधी घुमट, मग माइक

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात गेलात, तर प्रवचनाचं लाकडी व्यासपीठ जरूर बघा. ते वेदीपाशी नाही. बाजूच्या भिंतीला, माणसांच्या डोक्यांच्या वर आहे. त्यावरचं नक्षीदार छत नुसतं शोभेचं नसतं. वर निसटणारा आवाज ते खाली लोकांकडे परतवतं. माइक नव्हते तेव्हाची ही साउंड सिस्टीम.

तेवढ्यानं भागत मात्र नसे. उंच छत आणि दगडी भिंती ऑर्गनला खुलवतात आणि बोलण्याची खिचडी करतात. हा घुमारा मोजता येतो, हे दाखवलं हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. तिथल्या फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात शब्द कळेनात, म्हणून १८९५ मध्ये त्यांच्याकडे काम आलं. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. आवाज शोषायला सॅबिन रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधून बैठकीच्या गाद्या उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवत, स्टॉपवॉच लावत आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर ठेवत. त्यातून घुमण्याच्या काळाचं सूत्र निघालं.

पुढे न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चसाठी त्यांनी टाइल्सचं बांधकाम करणाऱ्या धाकट्या राफाएल ग्वास्ताविनोंबरोबर आवाज शोषणाऱ्या टाइल्स घडवल्या. प्रवचनाची सोय झाली, ऑर्गन मात्र दबला. काही दशकांनी त्याच टाइल्सची छिद्रं लेप देऊन बुजवली! शब्द की सूर, हे भांडण चर्चच्या बांधकाम समितीला अजून चुकलेलं नाही.

२ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधली सायंप्रार्थना केडीकेए रेडिओनं थेट ऐकवली. भाविकांचं लक्ष जाऊ नये म्हणून तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे चढवले होते. त्यांतला एक ज्यू होता, एक कॅथलिक. यंत्रं लपवायची हौस तेव्हापासूनची.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये घुमारा दहा सेकंदांच्याही वर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उभे, अरुंद स्पीकर लावले आणि मागच्या स्पीकरना आवाज किंचित उशिरा पोचवला, म्हणजे तो समोर बोलणाऱ्याकडूनच येतोय असं वाटावं. हा उशीर साधायला फिरती चुंबकीय तबकडी लागे. आज ते काम मिक्सरमधली, म्हणजे माइकचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रातली, चिप करते.

माझ्या मते खरं वळण यंत्रानं आणलं नाही, भाषेनं आणलं. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेनं, उपासनाविधी आणि संपर्कमाध्यमं या दोन्हींवरचे दस्तऐवज एकाच दिवशी जाहीर केले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती तोवर शब्द नि शब्द कळायलाच हवा, अशी निकड नव्हती. मग वसईत ती मराठीत होऊ लागली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले, आणि वेदीवर माइक नसून चालेना. पण इमारती जुन्याच, त्यामुळे वायरी खांबांवरून लोंबत आल्या.

कॅमेऱ्याची गत तीच झाली. २०२०च्या टाळेबंदीत कित्येक ठिकाणी वेदीसमोर मोबाइल ठेवून मिस्सा घरोघर पोचवली. चित्र ठीक, आवाज विहिरीतून आल्यासारखा, कारण तो मिक्सरमधून न घेता हवेतून पकडलेला.

म्हणून आता नव्या चर्चच्या स्लॅबआधीच पाइप टाकतात. विजेच्या वायरी वेगळ्या पाइपमधून आणि माइकच्या वेगळ्या, नाहीतर स्पीकर गुणगुणतात. आणि मिक्सर मागच्या बंद खोलीत न ठेवता लोकांच्या बाकांमध्येच मांडायचा, कारण लोकांना काय ऐकू येतंय ते तिथेच बसून कळतं.