टाकीमागचा परस

बेळगावच्या शहापुरात आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीतला क्लाउनफिश मेला. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, चौथीतल्या पोराचा लाडका. काकू म्हणाल्या, "घरावरचं गंडांतर त्यानं अंगावर घेतलं." त्यांची हळहळ खरी होती, पण टाकी मांडून आठवडाही झाला नव्हता आणि मासा अमोनियानं मेला. हे कारण मान्य केलं तरच पुढचा मासा वाचतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. दगडांवरचे आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात; तोवर मासा सोडायचाच नाही. पण नायट्रेट झालं म्हणजे नायट्रोजन गेला असं नव्हे. फिल्टरनं त्याचं फक्त रूप पालटलं. रोजच्या खाण्यातून तो येतच राहतो, साठतो आणि काचेवर बुळबुळीत थर चढतो.

यावर मला मनापासून आवडलेला उपाय म्हणजे रेफ्युजियम, टाकीचा परसच म्हणा. टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीचं पाणी जिथून फिरून पुन्हा वर जातं त्या दुसऱ्या टाकीत, एक कप्पा वेगळा करायचा. त्यात मासे नाहीत, पाणी संथ, वर दिवा आणि आत कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ. हातात घेतलं तर हिरव्या घासणीसारखं खरखरीत, गुंतलेलं. त्या गुंत्यात कोपेपॉड नावाचे ठिपक्याएवढे जीव निर्धास्त वाढतात. वाहून वर गेले की माशांना जिवंत खाऊ मिळतो.

खानापूरकडे बांधावरचं गवत कापून गोठ्यात नेतात, तेव्हा जमिनीतलं नत्रही गवताबरोबर बाहेर जातं. इथेही तसंच. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून त्यांतून आपलं अंग बनवतं. आपण मूठभर कापून काढलं की ते कायमचे बाहेर. कापलंच नाही, तर आतलं शेवाळ अंधारात कुजतं आणि सगळं पुन्हा पाण्यात उतरतं.

किनाऱ्यालगतच्या समुद्री शेवाळांच्या अंगात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे ३० अणू असतात. वजनात मांडलं तर १ मिलिग्रॅम फॉस्फेटबरोबर जवळपास २० मिलिग्रॅम नायट्रेट उचललं जातं. म्हणून नायट्रेट आधी संपलं की फॉस्फेट शिल्लक असूनही शेवाळाची वाढ थांबते. दिवा बदलून तेव्हा काही होत नाही.

दिवा लावायचा तो रात्री, मुख्य टाकीचा विझल्यावर. रात्री सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच घसरतो. बेळगावच्या पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की घरातल्या हवेतच हा वायू वाढतो, मग घसरण आणखी. परसातलं शेवाळ रात्रपाळी करून तो वायू खातं.

कॉलर्पा नावाचं देखणं शेवाळही मिळतं. ते घेऊ नका. कधीकधी ते बीजपेशी सोडून एका रात्रीत विरघळतं आणि पाणी दुधाळ होतं. त्याचीच एक जात १९८४मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याशी आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात पसरली. म्हणून कापलेलं कुठलंही शेवाळ कारवार-गोव्याच्या समुद्रात टाकायचं नाही.

पाणी आरओचं, त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम जेमतेमच असतं.

शहापुरातल्या पोरानं परवा पहिली कापणी केली. निथळून, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: ९० ग्रॅम. वहीत तारीख घालून त्यानं ते लिहून ठेवलंय.