लेकराचा ताप आणि रक्तातल्या खुणा

काळसर काचेची पट्टी. तिच्यावर लेकराच्या रक्तातल्या सीरमचा एक थेंब, शेजारी दुधासारख्या पांढऱ्या लॅटेक्सचा एक थेंब. दोन्ही काडीने मिसळायचे आणि पट्टी दोन मिनिटं हलवत राहायची. गुठळ्या दिसल्या तर कागदावर लिहायचं, ‘सीआरपी पॉझिटिव्ह’. सीआरपी म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी छोट्या लॅबमध्ये बरेचदा अशीच तपासणी होते. पावसाळ्यात तापाची पोरं वाढली की हा कागद घेऊन आईबाप दवाखान्यात येतात. ‘पोराले ताप हाय जी, रगत तपासलं,’ एवढं सांगून ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहतात.

ताप जंतूचा की विषाणूचा, प्रतिजैविक लागेल की नाही, हे त्या कागदाने सांगायला हवं, पण तो तेवढं सांगत नाही. लिटरमागे साधारण 6 मिलिग्रॅमच्या वर सीआरपी गेला की गुठळ्या दिसू लागतात, आणि साध्या विषाणूच्या सर्दीखोकल्यातही तो तेवढा सहज चढतो. 8 आणि 180 या दोन आकड्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण पट्टीवर दोन्ही ‘पॉझिटिव्ह’च. उलट, सीआरपी फारच जास्त असेल तर सीरम पातळ केल्याशिवाय कधी कधी गुठळ्या होतच नाहीत. म्हणजे सगळ्यात आजारी लेकराचाच कागद ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.

हे प्रथिन सापडलं 1930 मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोकॉकस या जंतूमुळे न्यूमोनिया झालेल्या रुग्णांचं रक्त तपासत होते. जंतूच्या आवरणाजवळची ‘सी’ नावाची शर्करा आजारी माणसाच्या सीरममध्ये टाकली की साका तयार व्हायचा, आणि माणूस बरा झाला की तो होईनासा व्हायचा. पेनिसिलिन तेव्हा दवाखान्यांत आलेलं नव्हतं. 1941 मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेने हा पदार्थ प्रथिन असल्याचं दाखवलं. पुढे कळलं की ते यकृतात बनतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृताला निरोप जातो, सहा ते बारा तासांत सीआरपी वाढू लागतो आणि दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत वर पोचतो.

ही वेळ खेड्यात फार महत्त्वाची आहे. शहरातलं मूल ताप आल्याच्या संध्याकाळीच डॉक्टरांकडे जातं, तेव्हा सीआरपी वाढायला अवधीच मिळालेला नसतो. धारणी किंवा एटापल्लीच्या आडगावातलं लेकरू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचतं, आणि त्या वेळी आकडा जास्त बोलका असतो. पण तोवर गावात त्याला एखादं इंजेक्शन लागलेलं असतं, पुष्कळदा त्यात डेक्सा हे स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी वाढतात. मग ‘पेशी वाढल्या, म्हणजे इन्फेक्शन’ हा जुना हिशेब चुकतो. गेल्या शतकात डॉक्टरांचा मुख्य आधार या पेशींचाच होता, सोबत 1920 च्या सुमारास रूढ झालेली ईएसआर, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात याची मोजणी. दोन्ही तपासण्या स्वस्त आणि कामाच्या, पण फार मोघम.

कोणत्या लेकराला प्रतिजैविक द्यायचं, या प्रश्नाचं एक उत्तर विदर्भाने रक्ताचा थेंबही न काढता शोधलं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यसेवक आणि सुईणींना लेकराचे श्वास मोजायला शिकवलं. आज रूढ असलेल्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40. खोकल्यासोबत श्वास मर्यादेइतके किंवा त्याहून जास्त असतील तर न्यूमोनिया समजून कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक सुरू करायचं. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन तयार झालं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्याला हात लागला की औषध. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. विदर्भातल्या बालतापाच्या इतिहासात मला याहून मोठं पान दिसत नाही. सीआरपीबद्दल कुणी इथे बोलणार असेल तर त्याने या पानापासून सुरुवात करावी, कारण नवी तपासणी या मोजणीच्या जोडीला बसते, तिच्या जागी नाही.

जलद श्वासाची अडचण अशी की विषाणूनेही श्वास वाढतो, त्यामुळे गरज नसलेल्या कित्येक पोरांना प्रतिजैविक मिळतं. मलेरियाच्या किटने हा प्रश्न आणखी ठळक केला. पूर्वी प्रत्येक तापाला क्लोरोक्विन दिलं जाई. मग आशाताईंच्या हाती बोटातल्या रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारं किट आलं, आणि ‘मलेरिया नाही’ हे गावातच कळू लागलं. मग आहे काय? ती पोकळी बहुतेक ठिकाणी विडाल तपासणीने भरली. 1896 सालची ही तपासणी एकदाच करून टायफॉइडचं निदान पक्कं होत नाही, तरी ‘टायफाईड निघाला’ हे वाक्य आजही वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत ऐकू येतं, आणि सलाइन सुरू होतं.

1993 मध्ये पॅरिसच्या असिको आणि सहकाऱ्यांनी रक्तातली आणखी एक खूण, प्रोकॅल्सिटोनिन, पुढे आणली. जंतूंच्या गंभीर संसर्गात ते मुलांच्या रक्तात खूप वाढतं, विषाणूच्या संसर्गात फारसं नाही. शिवाय सीआरपीच्या आधी, चारेक तासांतच ते वाढू लागतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये दोन महिन्यांपर्यंतच्या तापाच्या बाळांसाठी नियम दिले, त्यांत प्रोकॅल्सिटोनिन 0.5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि सीआरपी लिटरला 20 मिलिग्रॅम या सीमा आहेत. एक ते तीन आठवड्यांच्या बाळाला मात्र आकडे काहीही आले तरी भरती करून पूर्ण तपासणी आणि प्रतिजैविक. आपल्याकडे प्रोकॅल्सिटोनिन अजून महाग आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही. गावासाठी खरा उमेदवार म्हणजे बोटातल्या रक्तावर आकडा देणारी सीआरपीची छोटी यंत्रं. उत्तर व्हिएतनामच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सौम्य श्वसनविकारांच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली, तेव्हा प्रतिजैविकं घेणाऱ्यांचं प्रमाण तपासणीविना 78 टक्के आणि तपासणीसह 64 टक्के निघालं. याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

कोणत्या आकड्याखाली प्रतिजैविक नको, ही व्हिएतनामची सीमारेषा जशीच्या तशी गडचिरोलीत आणता येणार नाही. मलेरियात सीआरपी भरपूर वाढतो. सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या लेकराला दुखण्याचा झटका आला की जंतू नसतानाही तो वाढतो, आणि त्याच लेकराला न्यूमोकॉकसचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो. मेळघाटातल्या तीव्र कुपोषित बाळाला संसर्ग असूनही बरेचदा तापच येत नाही, त्यामुळे ‘तापाचं लेकरू’ या गटात ते मोजलंच जात नाही.

2018 च्या पावसाळ्याच्या अखेरीस नागपूर भागात स्क्रब टायफसची, म्हणजे गवतझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली. हा आजार जंतूचाच, आणि त्यात सीआरपी वाढलेला असतो. पण तो आकडा बघून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक लावलं तर उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनच लागतं. निदानाची वाट बरेचदा काखेत, जांघेत किंवा कानामागे दडलेल्या, चाव्याच्या जागी धरलेल्या काळ्या खपलीतून जाते. ती दिसायला लेकराचे कपडे काढून, उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत बघावं लागतं.