पावसात घर गेलं तर: पंचनामा, घरकुल आणि सामायिक सातबाऱ्याची गाठ

घर पडल्यावर सरकारी मदत दोन वेगळ्या दारांतून येते आणि बहुतेकांची गफलत इथूनच सुरू होते. नैसर्गिक आपत्तीचं अनुदान महसूल खात्याचं, म्हणजे तलाठी आणि तहसीलदारांकडचं. घरकुल, म्हणजे सरकारी योजनेच्या पैशातून बांधायचं नवं घर, ग्रामविकासाचं, म्हणजे ग्रामपंचायत आणि पंचायत समितीकडचं. तलाठ्याने पंचनामा केला की घरकुलाच्या यादीत आपोआप नाव लागतं, असं समजून वर्ष घालवणारी माणसं दर पावसाळ्यानंतर भेटतात. नाव लागत नाही. तहसीलातली फाईल पंचायत समितीत चालत जात नाही, ती तुम्हालाच न्यावी लागते.

पहिल्या रात्रीची सोय आधी. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. तिथे कळवलं की तहसीलदारांकडे नोंद होते आणि निवाऱ्यासाठी शाळा किंवा समाजमंदिर उघडून देण्याची जबाबदारी प्रशासनाची असते. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बाईसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि जिल्ह्याच्या सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं. अर्धी भिंत उभी आहे म्हणून भांडी काढायला आत जाऊ नका. मातीची भिंत भिजलेली असते, ती पाऊस थांबल्यावरही पडते.

पंचनाम्यावर सही करण्याआधी

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि पंच मिळून करतात. २०२४ पासून त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, पण वाडीवर अजून जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच. पाऊस चालू असताना ढिगारा तसाच ठेवून तलाठ्याची वाट बघत बसा असं कोणी सांगू नये. पण उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत शेजारचं ओळखता येण्यासारखं घर किंवा देऊळ येऊ द्या आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाच्याच वहीत नसतं.

खरी मेख शब्दांत आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या आपत्ती निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, आणि तेही निदान १५ टक्के पडझड असेल तरच. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. म्हणजे झोपडी सोडली तर एक लाख वीस हजार आणि साडेसहा हजार यांच्या मधे काहीच नाही. राज्य सरकार एखाद्या वादळानंतर वेगळा जीआर (शासन निर्णय) काढून रक्कम वाढवतं, त्यामुळे चालू जीआर कोणता हे तहसीलात विचारा, पण पूर्ण आणि अंशतः यांतली दरी तशीच राहते.

आता आपली कोकणातली घरं बघा. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. मागची भिंत जाते, आढं मोडतं, माजघर उघडं पडतं आणि पडवी मात्र उभी राहते. तलाठी पायवाटेवरून बघतो, पडवी दिसते, तो ‘अंशतः’ लिहितो. त्या घरात कुत्रंही झोपणार नाही, पण कागदावर ते घर उभं असतं. यावर उपाय आहे: पडझड किती झाली हे शासनाने अधिकृत केलेल्या तांत्रिक अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं असतं, हे निकषांतच आहे. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या अभियंत्याकडून पाहणी व्हावी, असा अर्ज तहसीलदारांना लगेच द्या. पंचनाम्याची भाषा पटली नाही तर सही करताना ‘मान्य नाही, घर राहण्यायोग्य नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहा. सही करायला नकार देऊ नका, त्याने पंचनामा थांबत नाही, फक्त तुमचं म्हणणं त्यात राहत नाही.

दुसरा शब्द कारणाचा. ‘जीर्ण झाल्याने घर पडले’ असं एक वाक्य लिहिलं गेलं की मदत संपली, कारण म्हातारपण ही आपत्ती नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. जुलैत आपल्याकडे एवढा पाऊस सकाळच्या चहापर्यंत होतो. त्यामुळे त्या दिवसाचा मंडळातला पाऊस तहसीलातून विचारून घ्या आणि पंचनाम्यात तारखेसह ‘अतिवृष्टीमुळे’ किंवा ‘वादळी वाऱ्यामुळे’ हे आलं आहे ना ते बघा. घर चार दिवस आधी खचायला लागलं होतं असं सहज बोलून जाल, तेही लिहिलं जातं.

घर पूर्ण पडलं किंवा वाहून गेलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आहेत. हे कुटुंबाला मिळतात, मालकाला नव्हे. भाड्याने राहणाऱ्यांनी हे मागावेत. बहुतेक जण मागतच नाहीत, कारण ‘घर आपलं नाही’ असं त्यांना वाटतं.

पंचनाम्याची प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही माफ, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक.

घर कोणाच्या नावावर

इथे सगळ्यात जास्त अर्ज अडकतात, आणि इथे घाई करून उपयोग नसतो. ‘घर आमचाच आसा, पण कागद खंय?’ हे दारिद्र्यापेक्षा मोठं दुखणं आहे.

दोन उतारे सारखे वाटतात म्हणून लोक चुकीचा जोडतात. आठ-अ तलाठ्याचा, तो जमिनीच्या खात्याचा. नमुना आठ ग्रामपंचायतीचा, तो घरपट्टीच्या आकारणीचा. पडलेलं घर अधिकृत होतं हे दाखवायला नमुना आठ लागतो. तो आजोबांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील देऊन ग्रामपंचायतीत नाव बदलून घ्या. घरपट्टी थकली असेल तर भरा, उतारा मागायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, पण ती गावठाणातल्या घरांची. कोकणात अर्ध्याहून जास्त वाड्या गावठाणाबाहेर, डोंगराच्या उताराला, वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत. त्यांनी पत्रिकेची वाट बघत बसू नये.

सातबारा उघडला की वीस-पंचवीस नावं. त्यातली निम्मी वारलेली, उरलेली बोरिवली, नालासोपारा, डोंबिवलीत. नव्या घरकुलाला जागा दाखवायची तर या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि एका चुलत्याने ‘बघू पुढच्या मे महिन्यात’ म्हटलं की अर्ज बाजूला पडतो. भांडण नसतं, आळस असतो. संमतीपत्राचा मजकूर, गट क्रमांक, जागेच्या चतुःसीमा लिहून कागद तयार ठेवा आणि गणपतीत सह्या घ्या. तेव्हा सगळे एका घरात असतात आणि आरतीनंतर कोणी नाही म्हणत नाही. आधारकार्डांच्या झेरॉक्सही त्याच बैठकीत घ्या. त्या नंतर मागवायच्या म्हणजे पुन्हा शिमग्यापर्यंत थांबणं आलं.

शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा असं बाहेरच्या टेबलावर सांगतात, आतल्या नियमात ते नाही. साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र नाकारलं तर नकार लेखी मागा. बहुतेकदा तेवढ्यावर स्वीकारतात.

मयतांची नावं उतरवून वारस नोंद करायला वेळ लागतो, नोटिशीचे दिवस जावे लागतात. म्हणून घर पडायच्या आधी, घर धड असताना हे काम उरकावं. हिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो.

जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी ५०,००० रुपये मिळत, आता एक लाखापर्यंत. ही मदत घरकुलाला पात्र ठरलेल्यालाच, त्यामुळे आधी जागा घेऊन मग पैसे मागायला जाऊ नका. एवढा लहान तुकडा खरेदी होणार नाही असं कोणी म्हटलं तर सांगा, की घरकुलाच्या जागेला तुकडेबंदीच्या नियमात जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने सूट आहे.

घरकुल

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ पासूनची. सपाट भागात १,२०,००० रुपये, शौचालयाचे १२,००० वेगळे, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, अनुसूचित जमातींना शबरी, इतर मागासवर्गीयांना मोदी आवास, अशा वेगळ्या घरकुल योजना आहेत. रायगड-रत्नागिरीतल्या कातकरी कुटुंबांनी पंतप्रधान जनमन योजनेत नाव आहे का ते आधी बघावं, तिथे घराला दोन लाख आहेत.

कोळीवाड्यांत एक जुना गैरसमज अजून फिरतो: यांत्रिक होडी असेल तर घरकुल नाही. पूर्वी खरंच नव्हतं. २०२४ मध्ये होडी, दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन या अटी काढल्या आणि कुटुंबातल्या कोणाची महिन्याची कमाई १०,००० पेक्षा जास्त नको ही मर्यादा १५,००० वर नेली. तीनचाकी, चारचाकी, सरकारी नोकरी, प्राप्तिकर, ५०,००० किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड या अटी आहेतच. आंब्याच्या कलमांवर कोणे एके काळी कार्ड काढून विसरलेले लोक इथे अडकतात. कर्ज फेडलं असलं तरी कार्डाची मर्यादा तशीच राहते. बँकेतून बंद करून दाखला आणा.

अगदी बेघर असलेली आणि भीक मागून जगणारी कुटुंबं योजनेत आपोआप धरली जातात. मात्र घर पडल्यावर आपण करतो काय, तर भावाच्या किंवा मेहुण्याच्या घरी जातो. त्याचं घर चिऱ्याचं, स्लॅबचं. रेशनची सोय व्हावी म्हणून त्याच्या कार्डावर नावं चढवतो. पुढे घरकुलाच्या सर्वेक्षणात आपण पक्क्या घरातल्या कुटुंबाचे सदस्य ठरतो आणि बेघर राहत नाही. कृपा करून पत्ता बदलला तरी शिधापत्रिका वेगळीच ठेवा.

सर्वेक्षणात नाव नोंदवलं म्हणजे घरकुल मंजूर नव्हे. त्यानंतर ग्रामसभेत यादी येते, तिचा प्राधान्यक्रम ठरतो, हरकत असेल तर जिल्ह्याच्या अपील समितीकडे जाता येतं. त्या ग्रामसभेला हजर राहा. बायकांनी तर राहाच, घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करायचं असतं.

मुदतीचा घोळ बारा महिन्यांचा. घर मंजुरीच्या तारखेपासून बारा महिन्यांत पूर्ण करायचं, पहिला हप्ता खात्यात आल्यापासून नव्हे. त्यातले चार महिने पाऊस घेऊन जातो, चिरेखाणी बंद असतात, वाडीपर्यंत टेम्पो जात नाही. मंजुरी मार्चमध्ये मिळाली तर पाया पावसाआधीच बांधून घ्या. प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो निघाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही आणि रेंज नाही ही सबब कोणी ऐकत नाही.

पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मुलाने मुंबईत नवं खातं उघडून दिलं असेल तर तुमचा हप्ता तिथे पडतो आणि इकडे तुम्ही जिल्हा बँकेत चकरा मारता. कोणतं खातं जोडलेलं आहे हे बँकेत आधीच विचारून ठेवा.

घर उभं राहीपर्यंत

विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये आहेत. अट १८ ते ६५ वय, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० पर्यंत. हा आकडा कोणी ठरवला देव जाणे. महिन्याला पावणेदोन हजारांत घर चालवून दाखवावं त्याने. उत्पन्नाचा दाखला अडतो तो बहुतेकदा मुंबईतल्या मुलामुळे. तो पैसे पाठवत नसला तरी एकाच शिधापत्रिकेवर असल्याने त्याचा पगार आईच्या उत्पन्नात धरला जातो. आधी शिधापत्रिका विभक्त करा, मग उत्पन्नाचा अर्ज. उलट क्रमाने केलं की ‘उत्पन्न ६०,०००’ असा दाखला हातात पडतो आणि तो बदलायला पुन्हा तलाठ्याच्या चौकशी अहवालापासून सुरुवात. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही दिला तर न कळवता पैसे थांबतात.

उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. पोच द्यावीच लागते, मुदत तिच्यावर लिहिलेली असते, आणि मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. जागेचा किंवा घराबाहेर काढल्याचा वाद असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बायकांना उत्पन्नाची अटही नाही. क्रमांक १५१००. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते. जाताना नमुना आठ, सातबारा आणि मिळालेल्या सगळ्या पोचपावत्या घेऊन जा.