डुलकी लागली की लक्ष उडालं? दोन्ही एक नाहीत

अपघात झाल्यावर ड्रायव्हरकडून बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "समोरचं दिसलंच नाही हो." मग ऐकणारे त्याला निष्काळजी ठरवून मोकळे होतात. पण न दिसण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एकात मेंदू झोपेला आलेला असतो आणि दुसऱ्यात तो टक्क जागा असतो पण भलतीकडेच गुंतलेला. वरवर सारखंच दिसतं म्हणून लोक एकाचा उपाय दुसऱ्यावर करतात आणि घोळ तिथेच होतो.

आधी झोपेचं बघू. जागरण वाढेल तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप अनावर व्हायला लागते, त्यात शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, त्यामुळे पहाटे साधारण २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळा जास्त धोक्याच्या, दुपारी जेवला नसाल तरीही. यातूनच ती काही सेकंदांची डुलकी लागते, कधीकधी तर डोळे उघडे असताना. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे ५ सेकंद डुलकी लागली तर १४० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं! डॉसन आणि रीड यांचा १९९७ चा प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे, सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हात आणि नजरेचा मेळ लागणाऱ्या कामात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा ढेपाळतो आणि २४ तास झाले की साधारण ०.१० टक्क्यांसारखा. पिऊन गाडी चालवणाऱ्याला सगळे शिव्या घालतात, रात्रभर जागून चालवणाऱ्याचं मात्र कौतुक होतं, हे मला कधी कळलेलं नाही.

लक्ष उडणं वेगळं. त्याला ना जागरण लागतं ना पहाट, सकाळी फ्रेश निघालेल्या माणसाचंही उडतं. फोनकडे बघणं, काहीतरी शोधायला हात घालणं हे सगळ्यांना कळतं, पण नजर रस्त्यावर, हात स्टीअरिंगवर आणि मन भांडणात, हा प्रकार कोणी धरतच नाही. १९९७ मध्येच रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी टोरंटोतल्या ड्रायव्हर्सचे फोन रेकॉर्ड तपासले तेव्हा फोनवर असताना टक्कर व्हायचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्रीवाल्यांचाही काही कमी नव्हता. कारण अडचण हाताची नसतेच, बोलण्यात गुंतलेला मेंदू डोळ्यांनी पाहिलेलं पूर्णपणे घेतच नाही. शेजारी बसलेल्याशी गप्पा त्यामानाने बऱ्या, त्याला रस्ता दिसत असतो, अवघड वळण आलं की तो आपोआप गप्प होतो, फोनवरच्या माणसाला काय पत्ता! आणि फोन ठेवला की विषय संपला असंही नाही, आवाजी कमांड घेणाऱ्या सिस्टीमवरच्या एका अमेरिकन अभ्यासात काम संपल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागल्याचं दिसलं.

अपघाताच्या जागेवर दोघांतला फरक बऱ्याचदा कळतो. झोपेत बहुधा एकटीच गाडी सरळ, मोकळ्या रस्त्यावरून हळूहळू बाजूला जाते आणि ब्रेकचा मागमूस नसतो. लक्ष उडालेल्याने बरेचदा ब्रेक मारलेला असतो पण उशिरा, तोवर पुढच्या गाडीला मागून ठोकलेलं असतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक म्हणजे झोप आधी सांगून येते. जांभया, जड पापण्या, मागचे काही किलोमीटर कसे गेले ते न आठवणं, लेनमधून सरकणं. हॉर्न आणि रेनर यांच्या सिम्युलेटरवरच्या कामात दिसलं की झोप येतेय हे ड्रायव्हर्सना माहीत असतं, फक्त आपल्याला खरंच झोप लागेल हे काहींना पटत नाही. लक्ष उडाल्याची अशी काही सूचना मिळत नाही, ज्याचं उडालंय त्यालाच ते शेवटी कळतं. म्हणून झोपेचा निर्णय चालवताचालवता घेता येतो, फोनचा मात्र गाडी सुरू करायच्या आधीच घ्यावा लागतो, तो सायलेंट करून हाताबाहेर ठेवायचा.

आता घोळ काय होतो, तर झोप आली की लोक काच खाली करतात, गाणी मोठ्याने लावतात, नाहीतर मित्राला फोन लावून "बोलत रहा रे" म्हणतात! थंड हवा आणि गाण्यांचा परिणाम झालाच तर थोडा वेळ टिकतो, अ‍ॅडेनोसिन जिथल्या तिथे राहतं आणि वर लक्ष वाटलं जातं ते वेगळंच. नुसता कंटाळा असेल, रस्ता एकसुरी असेल, तर बोलण्याने थोडी तरतरी येते हे खरं, पण कंटाळा आणि झोप एक नव्हे. खऱ्या झोपेवर सुरक्षित जागी थांबून कॉफी पिणं आणि लगेच १५ मिनिटं पडणं हे चांगलं चालतं, कॅफीन चढायला अर्धा तास लागतोच, तोवर डुलकी पदरात पडते. अर्थात हा तात्पुरता टेकू आहे, रात्रभराची झोप भरून निघत नाही.

आणि या दोन्हींना खतपाणी घालते ती समजूत. स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये विद्यार्थ्यांना तुम्ही किती चांगले ड्रायव्हर असं विचारलं तर अमेरिकेतल्या ९३ टक्के जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं, स्वीडनमध्ये ६९ टक्क्यांनी, आता वरच्या अर्ध्यात एवढी माणसं मावणार कुठून? "मला सवय आहे" हे याच गणितातून येतं. दुसरी समजूत नशिबाची, व्हायचं ते होणारच असं एकदा धरलं की थांबायचं कारणच उरत नाही, बेल्टसुद्धा जड वाटतो. वर आजवर काही झालं नाही हा पुरावा असतोच खिशात.

युरोपियन युनियनने या दोघांसाठी नियमसुद्धा वेगवेगळे केलेत. पेंगणाऱ्या ड्रायव्हरला इशारा देणारी सिस्टीम जुलै २०२४ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाली, नजर रस्त्यावरून हटली की इशारा देणारी वेगळी, तिची मुदत जुलै २०२६. डोळे रस्त्यावर ठेवून मनातल्या मनात साहेबाशी भांडणारा माणूस मात्र या दोन्हींतून सहज सुटतो.