देवळं मोजणारा समाजशास्त्रज्ञ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्या नव्या विचारांच्या विद्वानांना एक गोष्ट अभिमानाची वाटे: आपला देश धर्माच्या आहारी गेलेला नाही. लियांग छिचाव आणि हू श यांच्यासारखी मोठी माणसं हे लिहीत होती. पाश्चात्त्य अभ्यासकांनाही ते पटे. ख्रिस्ती चर्चसारखी संघटना नाही, दर आठवड्याची सामूहिक प्रार्थना नाही, सभासदांची यादी नाही. मग धर्म कुठे आहे?

यांग छिंगखुन (१९११–१९९९) यांनी हा प्रश्नच उलटा केला. क्वांगतुंग प्रांतात जन्मलेले यांग बीजिंगच्या येनचिंग विद्यापीठात शिकले. तिथे त्यांनी पहिला मोठा अभ्यास केला तो देवाधर्माचा नव्हे, तर शांतुंगमधल्या झोपिंग भागातल्या ग्रामीण बाजारांचा. पुढच्या कामाची बैठक तिथे दिसते: लोक काय म्हणतात यापेक्षा कुठे जमतात आणि काय करतात हे आधी पाहायचं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते काही वर्षांनी चीनला परतले. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात शिकवताना, १९४८ ते १९५१ या काळात, त्यांनी जवळच्या नानचिंग गावाचा अभ्यास केला. कम्युनिस्ट सत्ता आली, जमिनींचं फेरवाटप झालं, आणि हा माणूस ते जवळून टिपत होता. मग पुन्हा अमेरिका, आणि पिट्सबर्ग विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन.

१९६१ साली चिनी समाजातल्या धर्मावरचा त्यांचा ग्रंथ आला. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. श्रद्धा मोजता येत नाही, पण देवळं मोजता येतात. यांग यांनी जुनी स्थानिक गॅझेटिअरं काढून आठ ठिकाणच्या १,७८६ प्रमुख देवळांची नोंद तपासली. कोणता देव कुठल्या पंथाचा, हे विचारत बसण्यापेक्षा त्यांनी विचारलं की हे देऊळ समाजाचं कोणतं काम करतं. सुमारे एकतृतीयांश देवळं कुटुंब, गाव, राज्य अशा सामाजिक गटांना बांधून ठेवणारी निघाली. निव्वळ आरोग्यासाठी असलेली मात्र फारच थोडी.

यातून त्यांची गाजलेली विभागणी आली. एक संस्थात्मक धर्म: बौद्ध आणि ताओ मठ, गुप्त पंथ, ज्यांना स्वतःचे भिक्षू-पुरोहित आणि स्वतंत्र संघटना असते. दुसरा समाजात मुरलेला धर्म. त्याला वेगळी संघटना नसते. तो कुटुंबात, व्यवसायात, राज्यकारभारात मिसळलेला असतो. घरात पूर्वजपूजेचं पौरोहित्य कुटुंबप्रमुखच करतो. सुतार आपल्या धंद्याचा आद्यपुरुष लू बान याला पूजतात. बीजिंगच्या स्वर्गमंदिरात यज्ञ करण्याचा अधिकार खुद्द सम्राटाचा. चर्च शोधणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही, कारण त्याने दाराची पाटी शोधली आणि इथे पाटीच नव्हती.

अशा धर्माचं बळ आणि दुबळेपण एकाच जागी असतं. आधार देणारी व्यवस्था कोसळली की विधीही कोसळतो. १९१२ साली सम्राट गेला, तेव्हा त्याच्याबरोबर राजयज्ञाचा आधारही गेला. म्हणून यांग यांना या धर्माचं भविष्य अंधुक दिसत होतं.

हे भाकीत पुरतं खरं ठरलं नाही. १९८०च्या दशकापासून दक्षिण चीनमध्ये अनेक ठिकाणी कुळांची पूर्वजमंदिरं पुन्हा उभी राहिली. तरी माझ्या मते सिद्धान्त त्याने मोडत नाही. सामुदायिक शेती संपली, कुटुंब पुन्हा शेतीचा कणा झालं, नातेसंबंधांना किंमत आली; आधार परतला तसा विधीही परतला.

चीनमध्ये १९५२ साली समाजशास्त्राचे विभाग बंद झाले होते. १९७९ साली समाजशास्त्रज्ञ फेई श्याओथुंग यांच्याकडे हा विषय पुन्हा उभा करण्याचं काम आलं, आणि त्यात यांग यांनीही हातभार लावला. आज सरकारी मान्यता आहे ती पाच धर्मांना: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट. त्यामुळे ‘तुमचा धर्म कोणता?’ असं विचारलं की अनेक चिनी माणसं ‘कोणताही नाही’ म्हणतात. आणि चिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या कबरी झाडून तिथे नैवेद्य ठेवणाऱ्यांतही हीच माणसं असतात.