पार्श्वभूमी : आजारी घराचे लहान कर्ते

आई किंवा वडील अंथरुणाला खिळले की औषधाच्या वेळा, स्वयंपाक आणि धाकट्यांचं आवरणं घरातल्या मोठ्या मुलावर येतं. खरं तर बहुतेकदा मुलीवरच. एरवी भावंडाच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही करायला 18 वर्षं पूर्ण लागतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातलं 32 वं कलम मात्र वेगळं आहे. बाधित कुटुंबाचा कारभार पाहणारं, 12 ते 18 वयातलं, पुरेशी समज असलेलं मूल धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं, असं ते सांगतं. शाळाप्रवेश, उपचार, बँक खातं, मालमत्ता या सगळ्यासाठी. 10 सप्टेंबर 2018 पासून हा कायदा लागू आहे.

या कलमामागे काय घडलं असेल, ते सांगलीत वेगळं सांगावं लागत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग, ट्रकची वर्दळ, कामासाठी बाहेरगावी राहणारे पुरुष. राज्यातल्या एचआयव्हीची जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत सांगलीचं नाव सतत असायचं. संग्राम संस्थेनं 1992 मध्ये इथे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत काम सुरू केलं, ते याच काळात. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली एप्रिल 2004 पासून. त्याआधी आजारी माणसाला घरी आणायचं आणि होईल तेवढं करायचं, एवढंच बहुतेकांच्या हाती होतं. नवरा आधी जायचा, मग सून आजारी पडायची, सासरचे हात झटकायचे. उरायची म्हातारी आजी आणि पोरं.

इंग्लंडमध्ये हा विषय पुढे आला तो शाळांतून. 1988 च्या सुमारास टेमसाइड आणि सँडवेल भागातल्या शाळांत पाहणी झाली, तेव्हा घरातल्या आजाऱ्याचं करणारी मुलं आहेत हे प्रशासनाच्या लक्षात आलं. 1995 च्या कायद्यानं काळजी घेणाऱ्यांच्या गरजांच्या मूल्यांकनाची सोय केली आणि त्यात मुलंही आली. 2001 च्या जनगणनेत बिनमोबदला काळजीचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. 2014 च्या कायद्यानं अशा मुलांच्या गरजा तपासणं स्थानिक परिषदांवर बंधनकारक केलं. तरी शाळांच्या सरकारी गणनेत त्यांची नोंद सुरू व्हायला 2023 उजाडलं! पहिल्या पाहणीपासून पस्तीस वर्षं गेली, हे आपल्याकडे अशा मुलांच्या नोंदीची घाई करणाऱ्यांनी आणि न करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

आपल्या भागाला कष्ट करून शिकणाऱ्या पोराचं कौतुक जुनं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या 'कमवा आणि शिका'वर पिढ्या शिकल्या. पण तिथं मोजले गेले ते घराबाहेरचे कष्ट. वडिलांची कूस बदलणं, आईला संडासला नेणं याला शाळेच्या लेखी किंमत नव्हती, आजही नाही. 'पोरगी शहाणी हो' म्हणतात आणि विषय संपतो. विटा-आटपाडीकडचे बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला देशभर पांगलेले असतात. अशा घरात आजोबांना पक्षाघात झाला तर कोण बघणार, हे न सांगता ठरलेलं असतं. आठवड्यात तीन दिवस वर्गात येणारी मुलगी शाळाबाह्य ठरत नाही. हजेरीत नुसती अधूनमधून गैरहजर.

सरकारी योजनांत या मुलांच्या जवळ जाणारी म्हणजे बालसंगोपन योजना. तिला नाव सावित्रीबाई फुल्यांचं, म्हणजे आपल्याच नायगावच्या लेकीचं. 2023 पासून महिना 2250 रुपये मिळतात. आईवडील गंभीर आजारी असलेली मुलंही तिच्यात बसतात, पण मुलाला सांभाळायला कुणी नाही म्हणून. मूल स्वतः कुणाचं तरी करतंय, ही बाजू तिच्यात येत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे: मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची देखभाल करणारी कोणतीही व्यक्ती, कुटुंबीयही. वयाची अट नाही, त्यामुळे शब्दशः पाहिलं तर घरातल्या दिव्यांगाचं करणारी मिरजेतली एखादी नववीतली मुलगीही काळजीवाहक ठरते. त्याच कायद्यात काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, पण तो जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला द्यायचा आहे, आणि तोही सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार.