सोडा की बेकिंग पावडर? आधी कुंडीत काय पिकलंय ते बघा

फेब्रुवारी संपत आला की साताऱ्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि नेमकं याच दिवसांत माझ्या कुंड्यांमध्ये सगळं एकदम येतं. ऑक्टोबरात महाबळेश्वरकडून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांनी यंदा दोन वाट्या फळं दिली, ती चिरून केकमध्ये घातली, बेकिंग पावडर संपली होती म्हणून तेवढ्याच मापानं खायचा सोडा घातला, म्हटलं दोन्ही पांढरंच तर आहे. केक फुगला छान. कापला तर आत फळाभोवती राखाडी-निळे डाग आणि चवीला चक्क साबण. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "काय गं, जांभळाचा केलास व्हय?"

तर फरक असा. खायचा सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काहीतरी भेटलं की तो फसफसतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक जाळीदार होतो. आंबट नाही भेटलं तर ओव्हनच्या उष्णतेनं थोडा गॅस तरीही सुटतो पण मागं उरतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, साबणाची चव त्याचीच. बेकिंग पावडरमध्ये हाच सोडा असतो, पण सोबत कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं आणि दोघं डब्यातच भांडू नयेत म्हणून ओल शोषायला कॉर्नफ्लोअर. म्हणजे पावडर आपला जोडीदार बरोबर घेऊन येते, सोड्याला तुम्ही तो शोधून द्यायचा.

१८४३ साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं अशी पावडर बनवली ती बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून, तिला अंडंही चालायचं नाही त्यामुळं बिनअंड्याचं कस्टर्डही त्याचंच. आपल्याकडच्या एगलेसवाल्यांनी या माणसाचे आभार मानायला हरकत नाही. पावडरीत पूर्वीपासून वापरलं जाणारं एक आम्ल म्हणजे क्रीम ऑफ टार्टर, ते द्राक्षाच्या वाइनच्या पिंपात तळाला-कडांना खड्यासारखं साचतं.

आता रंगाचं. माझं माहेर सांगलीचं, हळदीच्या पेठेचं गाव, तरी हे डोक्यात यायला केक बिघडावा लागला! हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करायचे, आणि साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो हे तर प्रत्येक घरात बघितलेलं असतं. सोडाही चुन्या-साबणाच्याच बाजूचा. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटात लाल राहतो, सोड्याच्या बाजूला गेला की जांभळा, निळसर. मग म्हणाल स्ट्रॉबेरी तर आंबट असते की, सोड्याला पुरायला हवी. पण तिचा आंबटपणा फोडीच्या आत असतो, सोडा सगळ्या पिठात पसरलेला, त्यामुळं बाकीच्या पिठातला सोडा तसाच उरतो आणि फोडीच्या कडेला रंग बदलतो. म्हणून स्ट्रॉबेरीला पावडर, वर अर्धं लिंबू पिळलं तर रंग अजून टिकतो. असाच एक प्रकार सूर्यफुलाच्या बियांचा, सोडा जास्त झाला तर केक दुसऱ्या दिवशी आतून हिरवा दिसतो, बुरशी समजून फेकू नका.

परसातली केळी मात्र सोड्याची मैत्रीण. काळे ठिपके पडलेली, हाताला गिळगिळीत लागणारी घ्या, ती कुस्करून सगळ्या पिठात मिसळतात, त्यांना हलका आंबटपणा असतो, वर गूळ आणि चार चमचे दही घातलं की सोड्याला पुरेसं होतं. सोड्यानं रंगही छान तपकिरी येतो, बनाना ब्रेडला तो हवाच असतो. गाजराचं उलटं. नोव्हेंबरात पेरलेली गाजरं आत्ता उपटली तर गोड असतात, आंबटपणा जवळपास नाहीच, त्यामुळं गाजराच्या केकमध्ये नुसता सोडा घातला तर साबण ठरलेला, एकतर पावडर घाला नाहीतर सोडा आणि ताक. लाल भोपळ्याचंही हेच.

मापाचं सांगते कारण गडबड तिथंच होते, माझी पण तिथंच झाली. एक कप पिठाला पावडर एक छोटा चमचा, सोडा मात्र पाव चमचाच, तो तिप्पट-चौपट जोरकस आहे. पावडर नसली तर एक चमच्याऐवजी पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट ताक, आणि तेवढं दूध-पाणी कमी करा नाहीतर पीठ पातळ होतं. सोड्याचं पीठ कालवलं की लगेच भांड्यात, कुकर आधीच तापवून ठेवायचा, फोन आला तर घ्यायचा नाही. डबल ॲक्टिंग पावडर थोडी वाट बघते, भिजल्यावर एकदा फुगवते आणि तापल्यावर परत, आमच्यासारख्या कुकरात मीठ घालून केक करणाऱ्यांना ती सोयीची.

डबा जुना असेल तर तपासून घ्या. पावडर चमचाभर गरम पाण्यात टाका, सोड्यावर लिंबू पिळा, जोरात फसफसलं तर ठीक. पावडर साताऱ्याच्या पावसात दमट होऊन डब्यातच मरते, त्यामुळं मी आता छोटंच पाकीट आणते.

आणि बागेत या दोघांतला फक्त सोडा कामाचा. काकडी-दोडक्याच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुरी येते ना, तासगावकडं माझ्या मामांच्या द्राक्षबागेत तिच्यासाठी गंधक मारतात, पण घरच्या चार वेलांना लिटरभर पाण्यात सपाट छोटा चमचा सोडा आणि दोन-चार थेंब लिक्विड साबण चालतो. संध्याकाळी फवारायचं, आधी दोनच पानांवर बघायचं, आणि भुरी नुकती दिसली तेव्हाच, वेल पांढरा झाल्यावर उपयोग फार नाही. सारखं सारखं मारू नका, सोडियम कुंडीच्या मातीत साचतं आणि पानांच्या कडा करपतात. पावडर यात घालायची नाही, तिच्यातलं आम्ल सोड्याचा जोर तिथंच संपवून टाकतं. आमच्या ह्यांनी मागच्या वर्षी चुकून तोच डबा उचलून पंपात ओतला, दोडक्याच्या पानांवर कॉर्नफ्लोअरचे पांढरे डाग वाळून बसले, आणि मग चार दिवस भुरी कुठली नि पावडर कुठली हेच कळेना.